सोळा हजारांचा पगार तेवीस हजारांना कसा पडतो

या वेळचं पत्र वाकडहून आलंय. लांब आहे, म्हणून थोडं कापून देते.

"काकू, माझी मुलगी साडेचार महिन्यांची आहे. बाळंतपणाची रजा संपायला पाच आठवडे उरलेत. मी हिंजवडीला एका कंपनीत चार वर्षं आहे. हातात ५८,००० येतात, बेसिक ३३,००० आहे. नवरा चाकणला, त्याचे ७२,००० येतात, पण कंपनीची बस पावणेसातला. सासूबाई कराडला असतात, गुडघ्यांमुळे बाळाला उचलून फिरणं त्यांना जमत नाही. एका एजन्सीनं चोवीस तासांची बाई २४,००० सांगितली. कमिशन एक महिन्याचा पगार, करार ११ महिन्यांचा, मधे दोनदा बाई बदलून देणार. दुसरीकडे आमच्याच सोसायटीत दोन वर्षं एका मुलाला सांभाळलेल्या ताई आहेत. तो मुलगा आता शाळेत जायला लागला, म्हणून त्या मोकळ्या झाल्या. सोमवार ते शुक्रवार, नऊ ते सात, १६,००० म्हणाल्या. जवळचं पाळणाघर ९,००० घेतं, पण साडेसहाला बंद. नंतर तासाला शंभर. सासूबाई म्हणतात, गावाकडून तेरा वर्षांची एक पोरगी आणू, जेवणखाण-कपडे दिले की झालं. नवरा म्हणतो, तुझा निम्मा पगार बाईलाच जाणार, उरलेला पेट्रोलला आणि डब्याला, मग हा खटाटोप कशाला? मला भांडायचं नाही, पण आकडा हवाय. नेमका किती खर्च येईल ते सांगाल का?"

सांगते. आयुष्य बँकेत गेलंय, आकड्याला मी घाबरत नाही. वही घेऊन बस.

आधी सासूबाईंची सूचना काटून टाकू, म्हणजे मग शांतपणे बोलता येईल. तेरा वर्षांची पोरगी घरी ठेवायची नाही. घरकामाला चौदा वर्षांखालचं मूल ठेवायला २००६ पासून बंदी आहे आणि २०१६ च्या दुरुस्तीनंतर तर कुठल्याच कामावर ठेवता येत नाही. चौदाची झाली की चालेल, असा अर्थही काढू नकोस. एका लेकराला सांभाळायला दुसऱ्या लेकराची शाळा सोडवायची, हे तुझ्या घरात व्हायला नको. सासूबाईंना हे नवऱ्यानं सांगावं, तू नव्हे. त्यांची आई आहे.

आता ताई. सोळा हजार हा त्यांनी सांगितलेला दर झाला. खर्च त्याच्यापुढे सुरू होतो.

पहिली गोष्ट तास. नऊ ते सात हे दहा तास बरोबर वाटतात, कारण तुझं ऑफिस नऊ तासांचं आहे. पण मधे भूमकर चौकातली वाहतूककोंडी आहे. तू सव्वाआठला ताईंच्या हातात बाळ दिलंस, रात्री किती वाजता दूध प्यायली, सकाळी शी झाली का, एवढं सांगितलंस, तर साडेआठला खाली उतरशील. येताना पावसाळ्यात पावणेआठच्या आत दारात पोचलीस तर ओवाळून घे. म्हणजे ताईंचे तास झाले साडेअकरा. त्यांनी सांगितले दहा. दीड तासाची ही फट कुणी भरायची, हे आज ठरलं नाही तर पहिल्या पंधरा दिवसांतच कुरबूर सुरू होईल. त्या रोज घड्याळाकडे बघणार, तू रोज पार्किंगमधून पळत येणार.

सोळा हजाराला बावीस दिवसांनी भाग, मग दहानं. तासाचे जवळजवळ ७३ रुपये पडतात. रोजचा दीड तास म्हणजे महिन्याला तेहतीस तास, चोवीसशे. मी म्हणते सरळ अडीच हजार वाढवून १८,५०० ठरव आणि सव्वाआठ ते पावणेआठ असं स्वच्छ बोलून घे. घासाघीस करायचीच असेल तर तासांवर कर, पैशांवर नको. त्यांनी सोळा सांगितले आणि तू चौदावर आणलंस, तर त्या चौदाचंच काम करतील आणि सोळावाल्यांचा शोध चालू ठेवतील.

आता वर्षाचं मांड. १८,५०० गुणिले बारा, २,२२,०००. दिवाळीला एक पगार. तो देणार की नाही असा प्रश्नच नाही, सोसायटीत सगळेच देतात. १८,५००. दुपारचं जेवण, दोन चहा, सकाळी काहीतरी तोंडात टाकायला, दिवसाचे साठ रुपये धर. २४० दिवसांचे १४,४००. (दोनशे चाळीसच का, ते पुढे सांगते.) महिन्यातून तीनदा तरी तुला उशीर होणार. रात्री साडेआठ-नऊला बाईमाणसाला चालत काळेवाडीला घरी पाठवायचं नाही, रिक्षाचे ऐंशी रुपये हातात द्यायचे. वर्षाचे २,८८०.

मग त्यांचा विमा. बँकेत खातं असलं की प्रधानमंत्री सुरक्षा बिमा योजनेत वर्षाला २० रुपयांत दोन लाखांचं अपघाती संरक्षण मिळतं. पन्नाशीच्या आतल्या असतील तर जीवनज्योतीचे ४३६ भरून आणखी दोन लाखांचं आयुर्विम्याचं. दोन्ही मिळून ४५६ रुपये. हॉटेलात एकदा गेलो तर यापेक्षा जास्त होतात. काउंटरवर बसून मी अशा बायका पाहिल्यात, ज्यांच्या घरी कमावती तीच एक आणि तिच्या नावावर वीस रुपयांचाही विमा नाही. फॉर्म भरून द्यायला तुला दहा मिनिटं लागतील.

पहिल्या वर्षी आणखी दोन खर्च येतात. तू कामावर जायच्या आधी पंधरा दिवस ताईंना बोलवायचं, पूर्ण पगारावर. ते ९,२५०. लोक हे वाचवतात आणि पस्तावतात. तू घरात असताना त्यांनी बाळाला घ्यावं, तिचं रडणं ओळखायला शिकावं. भुकेचं कुठलं, झोपेचं कुठलं. फ्रीजमधलं काढून ठेवलेलं दूध कोमट पाण्यात भांडं ठेवून कसं आणायचं, गॅसवर का नाही, ते त्यांनी दोनदा तुझ्यासमोर करून दाखवावं. शिवाय सहा महिने पूर्ण झाले की वरचं खाणं सुरू होईल. नाचणीचं सत्त्व किती पातळ, डाळ-तांदूळ किती मऊ, यावरून तुझी आई, सासू आणि ताई यांची तीन मतं असणार. चौथं डॉक्टरांचं, तेवढंच धर. दुसरा खर्च कॅमेऱ्याचा, तो लावायचा असेल तर. २,८०० धरलेत. लाव, पण ताईंना दाखवून लाव, कुठे आहे ते सांगून. चोरून लावलेला कॅमेरा आठवड्यात सापडतो आणि मग पुढे दोघींच्या बोलण्यात काही राम राहत नाही.

राहिले खाडे. इथे मला जरा थांबायचंय, कारण सगळ्यांचा हिशोब इथेच चुकतो. माझाही चुकला होता.

१९९१ साल. मुलगा आठ महिन्यांचा. मी बँकेत क्लार्क, घर शनिवार पेठेत, वाड्यात दुसऱ्या मजल्यावर. सव्वानऊला निघायचं असायचं आणि नऊपासूनच मी मुलाला कडेवर घेऊन गॅलरीत. गल्लीच्या तोंडाशी मुलाला सांभाळणाऱ्या मावशींची हिरवी छत्री दिसली की जीव भांड्यात पडायचा. पगार महिन्याला चारशे. श्रावणात त्यांनी सलग चार दिवस खाडा केला, निरोप नाही, काही नाही. तिसऱ्या दिवशी साहेबांनी मला केबिनमध्ये बोलावलं. एक तारखेला मी बँकेतल्या शिस्तीनं हिशोब केला, चार दिवसांचे साठ रुपये कापले आणि तीनशे चाळीस हातावर ठेवले. त्यांनी मोजले, पदराच्या टोकाला गाठ मारली आणि काही बोलल्या नाहीत. दहा तारखेपासून यायच्याच बंद झाल्या. चार घरं पलीकडे लागल्या होत्या. नवीन बाई मिळेपर्यंत माझी अकरा दिवसांची बिनपगारी रजा झाली, हजाराच्या आसपास गेले. साठ रुपये वाचवायला हजार घालवले! आणि चार दिवस का आल्या नाहीत, ते सहा महिन्यांनी भाजीच्या गाडीपाशी कळलं. त्यांच्या धाकट्याला गोवर आला होता. सांगितलं असतं तर मी पुढचे पंधरा दिवस त्यांना बाळाला हात लावू दिला नसता आणि तेवढा पगारही दिला नसता, हे त्यांना पक्कं ठाऊक होतं. म्हणून निरोप नाही.

तेव्हा खाडे आधीच धर. महिन्याला दोन, वर्षाचे चोवीस. गौरी-गणपती, गावची जत्रा, भाचीचं लग्न, ताप, त्यांच्या मुलाची दहावी. माणूस आहे, यंत्र नाही. या चोवीस दिवसांचा पगार कापायचा नाही. त्याच्या बदल्यात एकच अट घालायची. ठरलेली सुट्टी आठ दिवस आधी सांगायची आणि अचानकची सकाळी साडेसहाच्या आत फोनवर. नवऱ्याची बस पावणेसातला आहे ना? म्हणून साडेसहा. त्यामुळे ते घरात असतानाच ठरेल की आज कोण थांबतंय. चोवीसपैकी सात दिवस तू रजा घे, सात त्यांनी. उरलेले दहा दिवस बाळाला त्या पाळणाघरात दिवसापुरतं ठेव. दिवसाचे सातशे घेतात असं धरते, तू जाऊन विचार. सात हजार झाले. आत्ताच जाऊन नाव नोंदवून ये, बाळाला दोन-तीनदा तासाभरासाठी नेऊन आण. अडचणीच्या दिवशी अनोळखी जागी सोडलंस तर ती दिवसभर रडेल आणि ऑफिसात तू.

वर्षाचे बावीस गुणिले बारा म्हणजे २६४ दिवस, त्यातून चोवीस गेले की २४०. जेवणाचा आकडा तिथून आला.

बेरीज कर. २,२२,००० आणि १८,५०० आणि १४,४०० आणि २,८८० आणि ४५६ आणि ९,२५० आणि २,८०० आणि ७,०००. एकूण २,७७,२८६. बारानं भाग, महिन्याला २३,१०७. सोळा हजारांच्या ताई तुला तेवीस हजार शंभरला पडतात. दुसऱ्या वर्षी पंधरा दिवसांची शिकवणी आणि कॅमेरा जातो, पण दहा टक्के पगारवाढ येते, त्यामुळे तो आकडा चोवीस हजार शंभरच्या घरात जातो. कमी होत नाही. कमी होईल या आशेवर राहू नकोस.

याशिवाय पंधरा हजार वेगळे काढून ठेव. खर्च नाही तो, उचल. सहा महिन्यांच्या आत ताई उचल मागणारच. जूनमध्ये फी, नाहीतर पावसाळ्यात पत्रे. द्यायची, आणि महिन्याला दोन हजार वळते करून घ्यायचे. वहीत लिहायचं, त्यांच्यासमोर. वही एकच, दोघींची, स्वयंपाकघरात खिळ्याला टांगलेली. पगाराची तारीख, खाडे, उचल, राहिलेली उचल. पगार खात्यावर दे, म्हणजे दोघींकडे नोंद राहील. तोंडी हिशोबात दोघीही खऱ्या असतात आणि दोघीही फसलेल्या.

एजन्सीच्या बाईंचं झटपट करू. चोवीस हजार पगार. त्यांचं जेवणखाण, साबण-तेल, मोबाइलचा रिचार्ज मिळून साडेचार हजार. कमिशन चोवीस हजार, एजन्सी नोंदणीकृत असेल तर त्यावर १८ टक्के जीएसटी, म्हणजे २८,३२०. अकरा महिन्यांवर पसरलं की महिन्याला २,५७५. दिवाळीचे महिन्याला दोन हजार. झाले ३३,०७५. आणि हे करार संपेपर्यंत. बाराव्या महिन्यात कमिशन पुन्हा द्यायचं.

पैशापेक्षा मला खटकतं ते चोवीस तास हे दोन शब्द. चोवीस तास कुणी जागं राहत नाही. रात्री बाळ तीनदा उठलं आणि तीनदा बाईंनी घेतलं, तर दुपारी त्या बाळाशेजारी गाढ झोपणार, आणि झोपायलाच हव्यात. तुम्हा दोघांपैकी कुणाला रात्रपाळी नाही. तुम्हाला दिवसाची बाई हवीय, आणि पैसे मात्र रात्रीचेही जातील. टू बीएचकेत त्या झोपणार कुठे, हेही बघ. हॉलमध्ये गादी घालून वर्षभर माणूस राहू शकत नाही, आणि तुम्हीही रात्री पाणी प्यायला चोरपावलानं फिरत राहाल. तरीही एजन्सीकडेच जायचं ठरलं, तर पोलीस पडताळणीचा कागद हातात माग. "केलेली आहे मॅडम" हे उत्तर चालणार नाही. बदली बाई किती दिवसांत देणार आणि मधल्या दिवसांचा पगार कापणार का, हे करारात लिहून घे. दोनदा बदलून देऊ, हे ऐकायला बरं वाटतं. पण सात महिन्यांच्या बाळाला तिसरी मावशी आली की ते आठ दिवस कुणाकडेच जात नाही.

पडताळणी ताईंचीही करायचीच. आधारची प्रत, फोटो, राहता पत्ता, आणि ज्या घरी त्यांनी दोन वर्षं काम केलं तिथे अर्धा तास बसून ये. त्या आईला एवढंच विचार, मूल पडलं किंवा भाजलं असं कधी झालं का आणि तेव्हा ताईंनी काय केलं. दोन वर्षांत मूल एकदाही पडलं नाही असं कुणी म्हणालं, तर विश्वास ठेवू नकोस. पडलं आणि त्यांनी लगेच फोन करून सांगितलं, असं उत्तर आलं तर डोळे मिटून ठेव कामावर.

पाळणाघर आकड्यात सगळ्यात स्वस्त आहे. नऊ हजार अधिक रोजचा एक जादा तास, बावीसशे. वर्षाचे १,३४,४००, प्रवेशाचे पाच हजार धरले तर १,३९,४००. पण पहिल्या वर्षी पाळणाघरातलं मूल सारखं आजारी पडतं. एकाला सर्दी झाली की सगळ्यांना, आणि ताप असला की ते घेत नाहीत, आणि बरोबरच करतात. तीस दिवस धर. वीस दिवस तुमच्या दोघांच्या रजांत बसले आणि दहा दिवस बिनपगारी गेले, तर तुझा दिवसाचा पगार २,६३६, म्हणजे आणखी २६,३६०. महिन्याला १३,८०० च्या आसपास. तरीही ताईंपेक्षा नऊ हजार कमीच. पैसे खरंच तंग असते तर मी बिनधास्त पाळणाघर म्हणाले असते. माझ्या भाचीची दोन्ही मुलं तिथेच वाढली आणि झकास वाढली. तुझ्या बाबतीत अडचण साडेसहाची आहे. रोज तासभर एकटं उरलेलं शेवटचं मूल तुझं असेल, आणि तिथली बाईही पर्स खांद्याला लावून उभी असेल. दीड-दोन वर्षांची झाली, चालायला-बोलायला लागली की अर्धा दिवस तिथे आणि अर्धा ताईंकडे, असं बघता येईल.

एक काम मात्र याच आठवड्यात कर. ऑफिसला मेल लिही. बाळंतपणाच्या रजेच्या कायद्यात २०१७ ला दुरुस्ती झाली, तुला मिळालेले २६ आठवडे तिच्यातूनच आले. त्याच दुरुस्तीत असंही आहे की पन्नास किंवा जास्त माणसं कामाला असतील तर पाळणाघराची सोय करायची, आणि आईला दिवसातून चार वेळा बाळाकडे जाता आलं पाहिजे. स्वतःचं पाळणाघर नसेल तर बऱ्याच कंपन्या जवळच्याशी बोलून ठेवतात आणि फीचा काही भार उचलतात. तुला कुणी आपणहून सांगणार नाही, विचारावं लागेल. त्याच दुरुस्तीत, काम घरून करण्यासारखं असेल तर रजेनंतर काही काळ तुझ्या आणि कंपनीच्या संमतीनं तशी मुभा देता येते, अशीही तरतूद आहे. आठवड्याचे दोन दिवस घरून मिळाले तरी ताईंचे जादा तास तीनच दिवसांचे राहतील. पण घरून काम आहे म्हणून त्या दिवशी ताईंना सुट्टी देऊ नकोस. मांडीवर बाळ घेऊन मीटिंग एकदा होते, दुसऱ्यांदा नाही.

आणि ताईंना वरकाम सांगू नकोस. बाळ झोपलंय तर जरा कणीक मळा, जरा कपडे घडी घाला, असं होत होत त्यांच्या हातात लसूण येतो आणि बाळाच्या हातात मोबाइल. बाळाचे कपडे, बाळाची भांडी, बाळाचं खाणं, बस. बाकीच्याला वेगळी बाई किंवा नवरा.

नवऱ्यावरून आठवलं. त्यांचा प्रश्न सगळ्यात शेवटी घेतलाय, कारण आकडा हातात नसताना त्यावर बोलण्यात अर्थ नव्हता.

निम्मा पगार म्हणाले ते. २३,१०० हे ५८,००० चे निम्मे होत नाहीत, चाळीस टक्के होतात, ते असू दे. पण बाईंचा पगार तुझ्याच पगारातून का वजा करायचा? मुलगी दोघांची आहे. चाकणला ते निर्धास्त जाऊ शकतात, कारण घरी कुणीतरी आहे. उद्या त्यांचाच पगार घे आणि त्यातून तेवीस हजार वजा करून म्हण, उरलेल्या ४८,९०० साठी पावणेसातची बस कशाला पकडता? हसतील. घराचं उत्पन्न १,३०,००० आहे, त्यातले तेवीस हजार म्हणजे शंभरातले अठरा रुपये. वहीत हा खर्च घरभाडं, हप्ता, किराणा यांच्या रांगेत लिही. तुझ्या नावाखाली नाही.

आणखी एक, जे त्यांनी धरलंच नाही. तुझे ५८,००० हातात येणारे आहेत. बेसिक ३३,००० वर बारा टक्के तुझे पीएफला जातात आणि तेवढेच कंपनी घालते. प्रत्येकी ३,९६०, मिळून ७,९२० (त्यातला थोडा भाग पेन्शनला). घरी दिसत नाहीत, पण तुझेच आहेत. शिवाय तुझी चार वर्षं झालीत. पाच पूर्ण झाली की ग्रॅच्युइटी, म्हणजे नोकरी सोडताना कंपनीकडून मिळणारी एकरकमी रक्कम. बेसिकला पंधरानं गुणून सव्वीसनं भाग, मग पाचनं गुण. ९५,१९२. आता राजीनामा दिलास तर एकच वर्ष कमी पडलं म्हणून हे सोडून द्यावे लागतील. आणि दोन-तीन वर्षांनी परत नोकरी शोधायला निघालीस, की समोरचा पहिला प्रश्न विचारेल, मधे काय करत होतात? त्याची किंमत मी आकड्यात मांडू शकत नाही, म्हणून मांडत नाही.

नोकरी करायची की नाही, हा प्रश्न तू मला विचारलेला नाहीस आणि मी त्यात पडणार नाही. बाळाजवळ थांबावंसं वाटलं तर थांब, त्यात काही कमीपणा नाही. फक्त "परवडत नाही म्हणून" असं म्हणून थांबू नकोस, कारण आकडा तसं म्हणत नाहीये.

ताईंना उद्या-परवाच बोलव. सोळाऐवजी साडेअठरा आणि साडेअकरा तास, असं पहिल्या पाच मिनिटांतच सांग. घरेलू कामगार मंडळाकडे नोंद करायला त्यांना तुझ्याकडून दाखला लागला, तर लिहून द्यायला बिचकू नकोस. महाराष्ट्रात २००८ पासून त्यासाठी कायदा आहे. आणि चहा घेताना हेही विचारून घे की त्या तुझ्याकडे असताना त्यांच्या घरी मुलांकडे कोण बघतं आणि मुलं आजारी पडली तर काय करतात. त्यांच्याकडे सासू किंवा शेजारीण असेल तर चोवीस खाडे पुरेत. नसेल तर तीस धर, आणि ते जास्तीचे सहा दिवस नवऱ्याच्या रजेत लिही.